ग्रिपदादा आणि दुसरी बाटली

ग्रिपदादा कुणाच्याही घरी आले की आधी चपला उलट्या करून बघत. नमस्कार नाही, पाणी नाही. दारातल्या स्टँडपाशी उकिडवे बसायचे, एकेक जोड उचलून तळ निरखायचे आणि तिथूनच निकाल द्यायचे, "डाव्या टाचेवर भार टाकतेस तू. पावसात आपटशील." एकदा माझ्या घरमालकिणीची, सत्तरीच्या चिनी आजींची, सँडल हातात घेऊन ते बसले होते आणि आजीच दारात आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "आंटी, धिस वन नो ग्रिप." आजींनी त्याच आठवड्यात नवीन सँडल घेतली आणि वर मलाच विचारू लागल्या, तुझे ते अंकल पुन्हा कधी येणार म्हणून!

खरं नाव शिरीष. मूळचे पुण्यात कोथरूडचे, आता या चिमुकल्या बेटावरच्या देशात आयटीत मोठे मॅनेजर, बुकित तिमाहला कॉन्डोत, म्हणजे उच्चभ्रू सोसायटीत, राहायचे. मी क्वीन्सटाउनला एक खोली भाड्याने घेऊन राहणारी पोस्टडॉक, आणि माझा संशोधनाचा विषय घर्षण. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी त्यांना एवढं सांगितलं आणि माझे शनिवार संपले. "म्हणजे तू ग्रिपची डॉक्टर! मग माझी गाडी तूच बघायची," म्हणाले. मी सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या चकत्या घासते, गाड्या बघत नाही, हे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितलं असेल. ऐकतील तर शपथ.

गाडी म्हणजे काय, पाच लिटर इंजिनाचं अमेरिकन धूड. पाऊण-एक तासात या टोकापासून त्या टोकापर्यंत संपणाऱ्या देशात हा माणूस ते धूड घेऊन ऑफिसला जायचा. बरं, घेतलेली सेकंडहँड. इथे गाडीचा परवाना दहा वर्षांचा, पुढे नूतनीकरण करा नाहीतर गाडी मोडीत. दादांनी नूतनीकरण करायचं नाही असं ठरवलं होतं आणि हातात जेमतेम वर्ष उरलं होतं. अशा गाडीला कोण चाकांमधला अख्खा गिअरचा डबा, नवा डिफरन्शियल, बसवतो? पण त्यामागे दादांच्या बायको, शुभावहिनी होत्या.

झालं होतं असं. भर पावसात सिग्नलला उजवीकडे वळताना दादांनी पाय दाबला, मागचं एक चाक जागच्या जागी गरगरलं आणि गाडीचं शेपूट फिरून तोंड आलं त्याच दिशेला झालं. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. शुभावहिनी शेजारी बसल्या होत्या. त्या उतरल्या, छत्री उघडली आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. लग्न असो, सत्यनारायण असो, एकाच घरातून निघालेले हे दोघे वीस मिनिटांच्या अंतराने पोचत, आणि दादा तिथल्या गेटवर वहिनींच्या बसची वाट बघत उभे राहत. गाडी जायच्या आत वहिनींनी एकदा तरी पुन्हा शेजारी बसावं, एवढाच त्यांना ध्यास लागला होता.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहाचे दोन कप शेजारी ठेवून त्यांनी मला आणि वहिनींना समजावलं होतं. "मागच्या चाकांच्या मधे हा डबा असतो, डिफरन्शियल. आपला साधा आहे. एक चाक घसरलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्यालाच. जे बिचारं जमीन धरून उभं आहे, त्याला काही नाही."

वहिनी चहा ढवळत म्हणाल्या, "म्हणजे जो उंडारतो त्याचेच लाड. यात मला नवीन काय सांगतोयस?"

"नव्यात क्लचच्या चकत्या असतात," दादा म्हणाले. टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला होता. "एक चाक घसरलं की त्या एकमेकींना धरतात आणि दुसऱ्यालाही कामाला लावतात. ग्रिप, शुभा, ग्रिप!"

नियमात बसतं की नाही हे तीनदा विचारून, लेखी घेऊन, त्यांनी डिफरन्शियल मागवला. तो आला नेमका दसऱ्याच्या आठवड्यात. झालं! सेम्बावांगच्या गॅरेजात हा माणूस हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि नारळ घेऊन हजर. यंत्राची पूजा केल्याशिवाय ते बसवायचं नाही. गॅरेजचे अंकल चाळीस वर्षं गाड्या उघडणारे, अबोल गृहस्थ. दादांची कुंकवाची चिमूट डब्यातल्या दात्यांच्या दिशेने जाताना बघून त्यांनी मनगटच पकडलं. "ऑइल कॅन. पावडर कॅनॉट लाह." म्हणजे तेल चालेल, पावडर नाही. शेवटी कुंकू खोक्याला लागलं, नारळ अंगणात फुटला आणि अंकलनी खोबरं मात्र आवडीने खाल्लं. मी आपली फुलांची पिशवी धरून उभी. यासाठी मी पीएचडी केली होती.

नव्या चकत्या बसायला वेळ लागतो. सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवा, म्हणाले अंकल. तेलात चकत्यांचं घर्षण जरा मऊ करणारं औषध असतं, त्याची एक बाटली त्यांनी घातली होती. पण कॉन्डोच्या रॅम्पवर वळताना गाडी कटकट वाजायची. वहिनींनी बाल्कनीतून विचारलं, "मोडलीस का लगेच?" दादांचा चेहरा पडला. अंकल म्हणाले, "वन बॉटल इनफ. यू ड्राइव्ह फर्स्ट."

इथे माझी विद्वत्ता उफाळून आली. आवाज म्हणजे घर्षण जास्त, घर्षण जास्त म्हणजे औषध कमी. मी म्हटलं, "दादा, अजून एक बाटली घाला." अंकल पुन्हा म्हणाले, "वन बॉटल." दादा म्हणाले, "ही डॉक्टर आहे याच विषयातली," आणि बाटली ओतायला लावली. गाडी अगदी गप्प झाली. माझी कॉलर ताठ!

त्या शांततेच्या जोरावर दादांनी पंधरा दिवस विनवण्या केल्या आणि एका रविवारी वहिनी तयार झाल्या. मी मागे बसले होते. पाऊस पडून गेला होता. गेटबाहेरच्या चढावर दादांनी पाय दाबला, आणि चाक घुर्रर्र करून फिरलं, शेपूट हातभर सरकलं. चकत्या माझ्या औषधाने इतक्या बुळबुळीत झाल्या होत्या की धरायचं काम त्यांनी सोडूनच दिलं होतं. वहिनींचे डोळे मिटलेले. "शिरीष, थांबव." त्या उतरून चालत घरी गेल्या.

त्यांच्या मागोमाग जात दादा म्हणाले, "शुभा, औषध माझ्या हातून जास्त पडलं गं." मी तोंड उघडलं आणि मिटलं. लाज वाटते सांगायला, पण मिटलं.

अंकलनी तेल बदललं आणि एकच बाटली घातली. गाडी आता ओल्या रस्त्यावरही सरळ निघायची. पण दादांनी वहिनींना पुन्हा विचारलंच नाही. परवान्याचे दहा-बारा दिवस उरले तेव्हा मला राहवेना. दादा ऑफिसात असताना मी वहिनींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "तो चहात साखर मोजून घालतो. तो बाटली जास्त ओतेल? तुझं नाव घ्यायचं नव्हतं त्याला." मग एकदम भडकल्या. "तुझी चूक पटकन अंगावर घेतली बघ! आणि त्या दिवशी सिग्नलला गाडी फिरली, मी थरथरत होते, तर पहिलं वाक्य काय बोलला? 'डिफरन्शियल बघ किती भिकार आहे.' लागलं का, घाबरलीस का, काही नाही. वर्ष होत आलं, अजून डिफरन्शियलचीच चूक आहे. मला डबा नकोय गं बदलून!"

मी थेट दादांच्या ऑफिसखाली गेले आणि तिथेच त्यांना झापलं. वयाने, मानाने एवढे मोठे, पण झापलं. ते म्हणाले, "घाबरली होती? मला वाटलं, चिडली होती."

गाडी मोडीत द्यायच्या सकाळी पाऊस होता. निरोपाला मी पोर्चमध्ये उभी होते. दादांनी गाडी आणली, उतरले आणि बस पकडायला निघालेल्या वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. "शुभा, त्या दिवशी पाय मी जोरात दाबला होता. चूक माझी होती. आणि मी तुला विचारलंही नाही." वहिनींनी छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसल्या. ओल्या चढावरून गाडी रेषेत वर गेली.

दोन महिन्यांनी दोघे कायमचे पुण्याला परतले. विमानतळावर दादा बॅगांची चाकं तपासत होते, तेवढ्यात मी वहिनींना हळूच विचारलं, "त्या दिवशी गाडीत काय बोलले हो?"

"काय बोलणार कप्पाळ! वाटभर डिफरन्शियल, डिफरन्शियल," वहिनी म्हणाल्या. "पण चाळीसच्या वर गेला नाही. आणि प्रत्येक वळणाआधी विचारत होता, वळू का म्हणून."