सगळं हिरवं झाल्याशिवाय

पिपरी मेघे गावात माझ्या भाऊजींइतका कामसू माणूस झाला नाही, आणि ज्याचं काम कधीच संपत नाही असाही दुसरा झाला नाही. घरोघर कॉम्प्युटर येऊ लागले त्या काळात त्यांनी एक जुना घेतला आणि त्यात घरकामांची यादी भरली. झालेलं काम हिरवं, राहिलेलं लाल. आणि आधीचं काम हिरवं झाल्याशिवाय पुढची ओळ उघडायचीच नाही. गहू निवडल्याशिवाय चक्की नाही, डबा घासल्याशिवाय पीठ भरायचं नाही. एकदा ऐन मे महिन्यात ते कूलर बंद ठेवून घामाघूम बसले होते, कारण टाकी धुण्याची ओळ लाल होती. टाकी ताईने सकाळीच धुतली होती. "धुतली असंल," भाऊजी म्हणाले, "पण मले सांगून धुतली का?"

हा खटाटोप ताईसाठीच होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तिच्यावाचून घर अडायचं, म्हणून ती अल्लीपूरला माहेरी दोन दिवसांच्या वर कधी राहिलीच नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा भाऊजी छातीठोकपणे म्हणाले, "पंधरा दिवस राह्यजो. घर मी चालवतो. मग मीच येतो न्यायले."

पंधराचे पंचवीस झाले, भाऊजींचा पत्ता नाही. आमच्याकडे नवरा न्यायला आल्याशिवाय लेक परतत नाही. ताई रुसून आत, आई काळा चष्मा लावून ओट्यावर. शेवटी आईने मला बाजूला घेतलं. "काऊन रे, भांडण तं नाई झालं ना दोघाईचं? जा बरं, पाहून ये."

गेलो. भाऊजी कॉम्प्युटरसमोर, एका हातात झाडू, दुसऱ्यात दुधाचं पातेलं. यादीच्या तळाशी शेवटची ओळ होती, 'हिला आणणे'. वरचं सगळं हिरवं झालं की ती उघडणार.

"झालंच होतं रे काल," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "दळण घेऊन आलो तं भांडे पुन्हा लाल! भांडे घासले तं कपडे लाल!"

"भाऊजी, रोजचं काम रोज लाल होईलच ना. दोनची बस हाय, चला."

"असा कसा येऊ? ओळ बंद हाय ना!"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, पण त्या दिवशी ते देवासारखं धावून आलं. पडद्यावर लाल नाही, हिरवं नाही. भाऊजी पातेलं खाली ठेवून म्हणाले, "माह्यी चप्पल कुठी हाय?"

अल्लीपूरला पोचलो तेव्हा त्यांच्या शर्टाला इस्त्री नव्हती. ताईने दारातूनच विचारलं, "घर कसं हाय?"

"लाल," भाऊजी म्हणाले. ताईला हसू आवरेना, आणि डॉक्टरांची मनाई असूनही आईने चष्मा काढून डोळे पुसले.

त्यानंतर ती ओळ यादीत सर्वांत वर गेली. ताई माहेरी आली की तिसऱ्याच दिवशी भाऊजी दारात हजर. "जवाईबापू, पोरीले राहू तं द्या जराक!" आई वैतागायची.

आता आई नाही, आणि आई गेल्यापासून ताई अल्लीपूरला राहायला आलेली नाही. परवा भाऊजींकडे गेलो तर ती ओळ अजून तिथेच, लाल.

"हे पुसून टाका ना आता," मी म्हणालो.

"काऊन पुसू? त्याच्या आधीचं काम तुह्यं हाय. तू तिले माहेरी बोलावलं की उघडते."

मला फार लाज वाटली. ताई स्वयंपाकघरात होती. मी बसल्या जागेवरूनच तिला हाक मारली.