न मोजलेल्या आठ गच्च्या

गच्चीचा ढाळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बिरसीच्या रस्त्याला नवी कॉलनी उभी राहत होती, तिथे मी हे शिकले. साठ घरं, सगळ्यांचा नकाशा एकच. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे ट्रेनिंगला जात होते. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे आईने शेजारणींना मी इंजिनियर झाल्याचं तेव्हाच सांगून टाकलं होतं.

माझं काम तसं सोपं होतं. स्लॅबवर मिस्त्री कोब्याचा थर टाकतात. तो थर पाणी बाहेर जाण्याच्या पाइपाकडे उतरता हवा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मी चारही कोपऱ्यांची आणि पाइपाच्या तोंडाची उंची मोजायची आणि कागदावर लिहायची. एका घराला एक कागद. साइटवरचे सर गोंदियाचे, हिंदीतच बोलायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "घर एक जैसे हैं, तो छत भी एक जैसी चाहिए. पहली भी, साठवीं भी."

तिसऱ्या ओळीत अकरा घरं होती. पहिल्या तीन गच्च्या मी नीट मोजल्या. आकडे जवळजवळ सारखेच आले. नळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं, म्हणून दरवेळी कुणातरी रेजाला, म्हणजे मजूर बाईला, हातातलं काम सोडून बोलवावं लागायचं. मला त्याचा फार संकोच वाटायचा. चौथ्या घराच्या जिन्याशी मी थांबले. मिस्त्री तोच, नकाशा तोच, मग वेगळं काय असणार, असं स्वतःला समजावलं आणि उरलेले आठ कागद सावलीत बसून भरले. खरे वाटावेत म्हणून आकडे थोडे थोडे बदलले. हे आता लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात चौथ्या ओळीतल्या एका गच्चीवर पाणी टाकून पाहिलं. काम दवनीवाड्याकडून आलेल्या एका नव्या मिस्त्रीचं होतं. पाणी चारी बाजूंना सारखं पसरलं आणि तिथेच उभं राहिलं.

तिसऱ्या ओळीचं काम ज्यांच्याकडे होतं ते मोठे मिस्त्री कमरेवर हात ठेवून पाहत होते. "काऊन रे, रोवणी करून राहिला का इथं?"

"सपाट पाह्यजे ना भाऊ," नवा मिस्त्री म्हणाला. "जरा खालवर झालं तं बाप शिव्या देत होता माह्या."

"बाप बांधीत शिव्या देत होता तुह्या. हे छत होय. आता पऱ्हे आणतं का?"

सगळे हसले. मीही हसले, कारण मला त्याचं म्हणणं कळत होतं. आमच्याकडे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची रोवणी करण्याआधी तळहातासारखी सपाट करावी लागते, नाहीतर एक कोपरा बुडतो आणि दुसरा सुकतो. लहानपणापासून शिकलेलं काम त्याने गच्चीवर चोख केलं होतं.

मोठे मिस्त्री माझ्याकडे वळले. "मी भाच्याच्या लग्नाले गेलतो ना, तवा तिसऱ्या ओळीत यानंच हात मारला. पण ते तं तू मोजलं आहेस, काही भेव नाही."

माझं हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या ओळीवर टाइल लागणार होत्या. टाइलखाली काय आहे ते पुन्हा कोणी पाहणार नव्हतं. आणि खाली कोणीतरी संसार मांडणार होतं, माझ्या खोट्या आकड्यांच्या भरवशावर.

सरांच्या टेबलापर्यंत मी दोनदा गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच मान वर केली. "क्या हुआ?"

"सर, तिसऱ्या ओळीतल्या तीनच गच्च्या मोजल्या. आठ नाही मोजल्या."

"फिर लिखा कैसे?"

"अंदाजाने."

"अंदाज से तो मैं घर बैठे साठों लिख दूं." ते ओरडले नाहीत. त्यांनी टाइलवाल्याला फोन करून काम थांबवायला सांगितलं आणि मग म्हणाले, "कल आठों में पानी भरो. आप ऊपर खड़ी रहेंगी."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी पाइपांच्या तोंडात पोत्यांचे बोळे कोंबून आम्ही आठही गच्च्यांवर दोन बोटं पाणी भरलं. दुपारी मोठ्या मिस्त्रींनी चौथ्या घराचा बोळा काढला. पाण्यावर एक वाळलेलं पान तरंगत होतं. ते आधी जागच्या जागी फिरलं आणि मग सावकाश पाइपाकडे निघालं. थोड्या वेळाने गच्ची रिकामी झाली. पाचवीपासून नववीपर्यंतच्याही रिकाम्या झाल्या. दहाव्या घराच्या मागच्या कोपऱ्यात मात्र परातीएवढं पाणी राहिलं. अकरावी पुन्हा ठीक निघाली.

"मी जाताना नवव्यापर्यंत उंचीचे ठिपके मारून गेलतो, तवा तेवढं बरोबर झालं," मोठे मिस्त्री म्हणाले. "अकरावं आल्यावर मी केलं. दहावं एकटंच याच्या बापाच्या हिशोबानं झालं."

नवा मिस्त्री छन्नी घेऊन आला आणि कोपरा फोडायला लागला.

मी टाकीच्या सावलीत मटकन बसले. टोपलं घेऊन आलेल्या एका रेजाने वाकून पाहिलं. "काय वं बाई, रडून राहिली का?"

"नाही मावशी, घाम आहे."

"डोऱ्यातून घाम येते का तुले?" असं म्हणून तिने मला पाण्याची बाटली दिली.

कोपरा दुरुस्त झाला. पाणी पुन्हा भरलं, तेव्हा काहीच उरलं नाही. आठही गच्च्यांचे आकडे मी नव्याने घेतले. सरांनी सही केली. पण त्यानंतर रोज माझ्या कागदांतले कोणतेही दोन काढून ते स्वतः वर चढायचे आणि मोजून पाहायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

सही झाली त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की माझं गाव मागे गेलं. पुढच्या फाट्यावर कंडक्टरने उठवून उतरवलं. तिथून धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, चालत घरी आले, आणि पाय दुखले नाहीत.