वरच्या रांगेतला माणूस

सूनबाईने चहात दोनदा साखर घातली होती. "काय गं, लक्ष कुठंय? की गोड बातमी अशी सांगायची पद्धत निघालीय?" असं म्हणत मावशी तिला चिडवत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात स्टेडियमचा रखवालदार उभा. टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"मावशी, तुमच्या मॉडेलमधला एक माणूस जागा सोडून फिरतोय."

"सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं," सूनबाई पुटपुटली. मावशींनी मात्र कप खाली ठेवला.

मावशींचं उभं आयुष्य पुठ्ठा, ब्लेड आणि सरस यांत गेलं. आर्किटेक्टने कागदावर काढायचं, मावशींनी ते टेबलावर उभं करायचं. लांबलांबून लोक बघायला येतात ते स्टेडियमही आधी त्यांच्याच टेबलावर उभं राहिलं होतं. पालथ्या ताटलीसारखं छप्पर, पण आत आधाराला एक खांब नाही. सगळा भार बाहेरच्या तिरक्या खांबांना ताणलेल्या तारांवर. वरचा सज्जा तर असा उभा, की शेवटच्या रांगेतून खाली बघितलं की पोटात गोळाच यावा.

मॉडेल करणाऱ्यांची एक रीत असते. प्रेक्षकांच्या गर्दीत घरचं एक माणूस गुपचूप बसवायचं. मावशींनी नवऱ्याला बसवलं, तपकिरी सदऱ्यात, अगदी शेवटच्या रांगेत. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी काकांचे पाय लटपटायचे.

"अगं, निदान मधल्या रांगेत तरी बसव!" ते काकुळतीला आले होते. मावशींची हसून हसून पुरेवाट झाली.

पुढच्याच वर्षी काका गेले. मॉडेल स्टेडियमच्या दालनात काचेच्या पेटीत राहिलं.

"साहेबांना वाटतंय, कुणीतरी पोरखेळ करतंय," वाटेत रखवालदार सांगत होता. "म्हणाले, उचल चिमट्याने आणि टाक कचऱ्यात. पेटी उघडली मी, पण हात होईना. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

दालनात साहेब वाट बघत होते. "या मावशी. तुम्हीच काय तो निकाल लावा. आज पाहुणे यायचेत."

मावशी वाकल्या. वरची खुर्ची रिकामी होती. तिथून खालपर्यंत पायऱ्यांवरच्या धुळीत एक पुसट पट्टा उमटला होता. प्रत्येक पायरीवर थोडा रुंद, कडेला निमुळता. कुणी एकेका पायरीवर बसत, घसरत उतरावं तसा.

काका उंच जिन्यावरून असेच उतरायचे.

"पायऱ्या संपल्या की तो सरळ चालत गेलाय," रखवालदार कुजबुजला. "ते बघा, बाहेरच्या फाटकाशी."

तपकिरी सदरा फाटकाला चिकटून उभा होता. मावशींनी त्याचे दोन्ही हात अंगालगत कोरले होते. आता एक हात वर होता आणि तळवा फाटकावर टेकला होता. दालनात इतकी शांतता होती, की मावशींना नखाने पुठ्ठा खरवडल्यासारखा बारीक आवाज आला. त्यांनी रखवालदाराकडे बघितलं. त्यालाही आला होता.

"मावशी, हे फाटक ढकललं तर उघडतं ना?" त्याने विचारलं.

मॉडेल द्यायची घाई होती तेव्हा. त्यांनी फाटकं कापलीच नव्हती. सलग पुठ्ठ्याच्या भिंतीवर करड्या रंगाने नुसती रंगवली होती. इतकी हुबेहूब, की आर्किटेक्टही फसला होता.

"काय करायचं मग?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "काढू का मी?"

"नको, हात लावू नका त्यांना." मावशींनी पिशवीतून ब्लेड काढलं. हात स्थिर होता. "साहेब, एवढं एक फाटक मला कापून उघडं करू द्या."