शनिवारचे गायन आणि आसगावचा रोवणा

मित्रवर्यहो, शनिवारी आपल्या क्लबात अस्मादिकांचे प्रथम जाहीर गायन आहे आणि चित्त अत्यंत अस्वस्थ आहे. तबलजी श्रावणभाऊ रोवणा सोडून तालमीस येईनात. म्हणून आज आम्हीच आसगावी त्यांच्या बांधावर उभे राहून संथ विलंबित ख्याल आरंभिला.

चिखलात धान रोवणाऱ्या बायांचे हात क्रमशः मंदावले. अखेर श्रावणभाऊंच्या पत्नी कंबर सरळ करून म्हणाल्या, “भाऊजी, जरा जल्दी गा नं! मले झोप येऊन राहिली. असं गासान तं रोवना दिवाळीपावतर चालन.”

श्रावणभाऊ हसले. “शनिवारी लोकं तं खुर्चीवर बसतीन, भाऊ. थे खरंच झोपतीन.”

तेव्हापासून आम्ही अंगणात येरझारा घालीत आहोत. रसिकहो, निःसंकोच सांगा: विलंबित गाळून थेट द्रुत आरंभावे, की क्लबातील खुर्च्याच काढून टाकाव्यात?