चाळीस बांध्या आणि एक कुलूप

"मॅडम, तुमचा कॉम्पुटर लहान पडत असंन तं नागपूरवरून मोठा आणू. पण नाई म्हनू नका." धनराजभाऊ माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून उभे होते. बुधवारचे बारा वाजत आले होते आणि मला भूक लागली होती.

"जगातला सगळ्यात मोठा आणा," मी म्हणाले, "तरी नाही उघडणार."

"काऊन?"

गोंदियात माझं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे. बिघडलेल्या हार्ड डिस्क, पाण्यात पडलेले फोन, विसरलेले पासवर्ड, हे माझं रोजचं काम. 'काऊन' या प्रश्नाचं उत्तर मी आठवड्यातून एकदा तरी देते. टेबलावरच्या पेनड्राइव्हमध्ये एक फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं होतं, म्हणजे आतल्या मजकुराचा किल्लीशिवाय नुसता भुगा दिसतो. ती किल्ली २५६ बिटांची. एक नाणं ओळीने दोनशे छप्पन्न वेळा उडवा आणि छापा-काटा लिहून काढा. तशी ती एक ओळ. अशा किती ओळी होऊ शकतात? ती संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी आहे. एकेक ओळ लावून बघायची, याला आमच्यात ब्रूट फोर्स म्हणतात. पृथ्वीवरचे सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी आपल्या हयातीत सोडाच, सूर्याच्या हयातीतही ते संपत नाही.

धनराजभाऊ खुर्चीत बसले. नवेगाव बांधकडच्या एका गावातल्या पाणी समितीचे ते अध्यक्ष. सोबत पंचफुलाबाई होत्या, समितीचे सचिव सुखदेवभाऊ यांच्या पत्नी. सुखदेवभाऊंना जाऊन महिना झाला नव्हता. तलावापासून खाली जाणारा त्यांच्या गावचा पाट एका गोदामवाल्याने बुजवायला घेतला होता. 'इथं खाली पाट कधी नव्हताच' असं त्याचं म्हणणं. पाट होता, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे व्हिडिओ सुखदेवभाऊंनी जागेवर उभं राहून काढले होते. त्यातली तिघं आता हयात नाहीत. पूर्वी एकदा फोनमधले फोटो कोणीतरी पुसले, म्हणून सुखदेवभाऊंनी हे कुलूप शिकून घेतलं होतं. तालुक्याला सुनावणी गुरुवारी अकराला होती.

"पाट गेला तं खालचे शेतं गेले, जी," धनराजभाऊ म्हणाले.

दुसऱ्याचं कुलूप मी मालकाच्या लेखी परवानगीशिवाय उघडत नाही. पंचफुलाबाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "त्याइनं मले एकदा सांगतलं होतं. पासवर्ड म्हने चार बांध्याइचे नावं हायेत. पानी जाते तसे."

मी जेवणाचा डबा बाजूला सारला. किल्ली फोडता येत नाही, पण ती पासवर्डातून तयार होते. पासवर्ड माणसाने ठरवलेला असतो, आणि माणसाला सवयी असतात. आता हे काम माझ्या आवाक्यात होतं आणि ते मी करणार होते.

बांधी म्हणजे बांध घातलेला धानाच्या, भाताच्या शेताचा तुकडा. त्या पाटावर चाळीस बांध्या आणि प्रत्येकीला नाव: मोहाची, भुताची, खारी, लांबडी. सुखदेवभाऊ गावच्या ग्रुपवर पाण्याचे निरोप इंग्रजी अक्षरांत टाकायचे, त्यामुळे नावं ते कशी टाइप करत हेही मिळालं. पंचफुलाबाईंनी सोबत आणलेल्या त्यांच्या डायरीत दुसरे दोन पासवर्ड होते. दोन्ही छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

चाळीसमधली कोणतीही चार नावं, कोणत्याही क्रमाने, म्हणजे बावीस लाखांच्या आसपास. हे कुलूप मुद्दाम असं बनवलेलं असतं की प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागावा. माझ्या मशीनवर सेकंदाला वीस प्रयत्न होत होते. बावीस लाखांना तीस तास. सुनावणी तेवीस तासांवर.

पण 'पाणी जाते तसे' म्हणजे क्रम ठरलेला. मग उरतात फक्त एक्क्याण्णव हजार. सव्वा तासाचं काम! मी धनराजभाऊंना म्हटलं, "तलावापासून खाली, एकेक नाव ओळीने सांगा." त्यांनी सांगितलं. मी यादी भरली आणि मशीन सुरू केलं.

दोन वाजता स्क्रीनवर ओळ आली: सापडला नाही.

मी यादी पुन्हा तपासली. स्क्रिप्ट तपासली. सगळं बरोबर होतं. आता तीस तासांचा लांबचा रस्ताच उरला होता आणि तो सुनावणीनंतर संपणार होता. मला माझाच राग आला, कारण कुठे चुकलं तेच कळत नव्हतं.

"कायले डोक्याले हात लावून बसल्या?" पंचफुलाबाई बाकावरून म्हणाल्या. दोन तास त्या तिथे बसल्या होत्या आणि मी त्यांना पाणी सोडून काही विचारलं नव्हतं.

मी त्यांना यादी वाचून दाखवली. तलावाजवळची लांबडी, मग खारी...

"वरून कायले मोजून राहिल्या? पानी आदी टोकाले जाते."

"टोकाला? तलाव तर वर आहे ना?"

"वरच्यानं आदी घेतलं तं खालच्याले राहीन काय? आमच्या गावात टोकाच्याची पाळी पयली. वरचा शेवटी."

मी धनराजभाऊंकडे पाहिलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी तलावापासून विचारलं, मी तलावापासून सांगतलं."

भांडायला वेळ नव्हता. यादी उलटी केली आणि मशीन पुन्हा लावलं. चाळीस मिनिटांनी ओळ हिरवी झाली. मोहाची, भुताची, खारी, लांबडी.

पहिल्या व्हिडिओत एक म्हातारे काठीने पाट दाखवत होते आणि कॅमेऱ्यामागून सुखदेवभाऊ विचारत होते, "बाबा, पानी कुठवर जाते?" पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आवाज कमी केला नाही.

गुरुवारी दुपारी धनराजभाऊंचा फोन आला. पाट बुजवायला मनाई झाली होती आणि बुजवलेला भाग मोकळा करून द्यायचा होता. मी दुकानात एकटीच जोरात "शाब्बास!" म्हणाले.

माझं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. फक्त शेतात कोणाला आधी पाणी मिळतं हे मी शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं नव्हतं. आता माझ्या कामाच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे: 'घरातल्या कोणाशी बोलणं झालं?' तो भरल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

पेनड्राइव्ह परत देताना मी पंचफुलाबाईंना विचारलं होतं, "या चारमधली तुमची कोणती? टोकाची, मोहाची का?"

"आमची लांबडी," त्या म्हणाल्या. "तलावाले लागून. आमाले पाट नसता तरी चाललं असतं."