न विचारता उघडलेलं इंजिन

त्या गॅरेजवाल्याचा विषय निघाला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हजिऱ्याच्या रस्त्यावर काचेचं दुकान, आत एसी, ओळीने लावलेल्या चकचकीत जुन्या विलायती मोटरसायकली, आणि मालक असा की बाईशी इंजिनाबद्दल बोललं तर त्याला पाप लागणार. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर तो माझ्या नवऱ्याला द्यायचा. आता माझा नवरा सोन्यासारखा माणूस, पण प्लग आणि नळाचा वॉशर यांतला फरक त्याला सांगता येणार नाही. तो बिचारा नुसती मान डोलावत होता. मला मात्र खुर्ची दाखवून, "बेन, तमे बेसो ने."

गाडी माझ्या वडिलांची. आप्पा उधन्याच्या एका मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा शेठने गोदामात पडलेली ही एका सिलिंडरची गाडी त्यांच्या गळ्यात मारली. इंजिन जाम, सीटमध्ये उंदरीण व्यालेली. दुसरीकडे कामाला लागल्यावर आप्पांनी पाळी संपवून रोज तासभर बसून ती उभी केली. सिलिंडर तेव्हा एकदाच बोअर करून, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करून घेतला. यात आता अजून एकच बोअर निघेल, पुढे कापायला धातू उरणार नाही, तेव्हा तो एक राखून ठेवायचा, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. पुढची तीस वर्षं त्यांनी त्या पिस्टनला कोणाचा हात लागू दिला नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो, ते बघायची त्यांची रीत साधी. किकला दाब लागला की तिच्यावर सगळं वजन टाकून उभं राहायचं. इंजिन धडधाकट असेल तर ते माणसाला काही क्षण तसंच तोलून धरतं, मग सावकाश खाली सोडतं. लहानपणी मी किकवर चढले तर ती हलायचीच नाही, आणि आप्पा एवढे खूश व्हायचे की शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. माझं सगळं यंत्रांचं शिक्षण घरापुढच्या ओट्यावर झालं. आज मी एम्ब्रॉयडरीच्या मशिनींवर सुपरवायझर आहे ती त्याच जोरावर.

यंदा आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहिली. एका रविवारी मी तिची धूळ झटकली, किकवर उभी राहिले, तर किक पायाखालून सरळ जमिनीकडे. प्लग घट्ट होता, तेल बरोबर होतं. गल्लीतल्या लोकांनी सांगितलं की उभ्या गाडीच्या पिस्टनवरच्या रिंगा चिकटतात आणि दाब गळतो, आणि मलाही ते पटलं. म्हणून आम्ही त्या काचेच्या दुकानात गेलो.

त्याने दाब मोजायचा गेज लावला आणि थ्रॉटल बंद ठेवूनच किका मारायला लागला. मी म्हटलं, "थ्रॉटल पूर्ण उघडा. हवा आत गेलीच नाही तर काटा चढणार कुठून?" तो नवऱ्याकडे बघून हसला. "बेनने घणो शोख छे," म्हणे. शौक. मी हौस म्हणून विचारत होते असं त्याला वाटलं. मग उपकार केल्यासारखा थ्रॉटल उघडला, पण काटा तरीही वर येईना. नवा बोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा, असं त्याने नवऱ्याला समजावलं. त्याला हो मात्र मी म्हटलं.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं, "कॉम्प्रेशन गेलंय. बोअरला टाकून आले." ते पलंगावर डोळ्यांत थेंब घालून बसले होते. म्हणाले, "बरं." दोन दिवसांनी बघते तर त्यांची पान्यांची पेटी दाराशी. ते इंची पाने त्यांनी एकेक करून जमवलेले. भंगारवाला आला की देऊन टाक, म्हणाले. आम्ही घरात अहिराणी बोलतो. पाठ फिरवून म्हणाले, "मन्हा हातनं काम टिकनं नही."

मी चिडले. तीस वर्षं चाललेलं काम टिकलं नाही असं कोण म्हणतं? ओट्यावर येऊन बसणंही त्यांनी बंद केलं. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिच्यात काय बिघाड आहे ते सांगणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मला ते बघवत नव्हतं. पेटी मी उचलून माझ्या कपाटात ठेवली.

पंधरा दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन आला, अर्थात नवऱ्याला. बोअर केला, सगळं नवं टाकलं, तरी किक पडतच होती. मग कारागिराने डीकॉम्पची केबल जरा ढिली केली आणि झटक्यात कॉम्प्रेशन आलं. या गाड्यांच्या हँडलला डीकॉम्पची एक छोटी दांडी असते. ती ओढली की एक वाल्व किंचित उचलला जातो आणि किक हलकी होते. दांडी सोडली की वाल्व बसला पाहिजे, म्हणून तिच्या केबलला थोडी ढील सोडायलाच लागते. ती ताणलेली राहिली तर वाल्व कायम अर्धवट उघडा, मग पिस्टन कितीही चांगला असो, दाब धरत नाही. ऑपरेशनच्या जरा आधी आप्पा अमळनेरला एका लग्नाला गेले होते तेव्हा मी हौसेने तिन्ही केबली नव्या टाकल्या होत्या. आणि चांगल्या ताणून बसवल्या होत्या. मागाचा पट्टा ढिला राहिला तर कापड बिघडतं, हेच मी जन्मभर ऐकलेलं. तोच नियम मी या केबलला लावला, आणि त्यानंतर त्या रविवारपर्यंत कोणी किक मारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो आणि मी त्याची चांगली खरडपट्टी काढली. इंजिन उघडण्याआधी केबल बघायची, एवढी साधी गोष्ट. ते न करता सिलिंडर कापायला घेतला. राखून ठेवलेला शेवटचा बोअर खाऊन टाकला. तो शांतपणे नवऱ्याला म्हणाला, "केबल कोणे नाखी हती?" मी म्हटलं, "मी टाकली. आणि माझ्याशी बोला." तरी तो नवऱ्याकडेच बघत राहिला. मी जुना पिस्टन मागून घेतला आणि निघाले. रिक्षात बसून बघितला. रिंगा खाचांत मोकळ्या फिरत होत्या, कुठे एक ओरखडा नाही.

तो पिस्टन मी आप्पांच्या हातात ठेवला. "याला काहीच झालं नव्हतं, आप्पा. तुमचं काम ठणठणीत होतं. केबल मी ताणून ठेवली होती." त्यांनी अंगठा फिरवून रिंगा हलवून बघितल्या. आता चेहरा खुलेल म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "गाडीला शेवटचा हात कोणी लावला, हे मी पहिल्यांदा विचारलं असतं."

मी पुन्हा गॅरेजवाल्यावर घसरले. त्याला अक्कल नाही, माज आहे, मी समोर उभी असताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, जिला कळतं तिला सोडून भलत्यालाच विचारत होता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पिस्टन पलंगावर ठेवला.

"मी इथेच बसलेलो होतो," ते म्हणाले. "ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं. तू माले इचारं का?"

नव्हतं विचारलं. येऊन नुसतं सांगितलं होतं.