आईच्या घागरीवरची पोळी

नव्वदच्या दशकात आईला कॅन्सर झाला, तेव्हा सुरतेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझा थोरला भाऊ अर्धा डॉक्टर झाला. तो सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. तिथल्या शेठने त्याला सांगितलं की परदेशात अशा पेशंटचं धान्य आणि साखर बंद करून त्यांना तुपातेलावर ठेवतात, म्हणजे गाठ उपाशी मरते. झालं! जन्मभर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्लेल्या बाईसमोर तुपाची वाटी आणि पनीर आलं. वास आला तरी ती तोंड फिरवायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवडेल ते खाऊ द्या, वजन उतरलं तर पुढची केमोची सलाइन देता येणार नाही. पथ्याबद्दल भावाने त्यांच्यापुढे अवाक्षर काढलं नाही. शेठ बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. हा आम्हा खानदेशी लेकींचा सण, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीचा. गल्लीभर आईच्या पोळ्यांची वाहवा होती. आता ती गादीवरून मला सांगत होती आणि मी हातावर पोळी फिरवत होते. पहिली पोळी उतरली, तशी ती म्हणाली, "घासभर दे वं माय."

मी ताट भरलं. भावाने ते तिच्या पुढ्यातून उचललं.

"माय, तुले जगनं शे ना?"

"जगनं शे रे भाऊ," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

मी गप्प बसले. माहेरी आलेल्या लेकीने भावाशी भांडू नये म्हणे! त्या शिकवणीला आग लागो.

तिचं वजन उतरलं, सलाइन पुढे ढकलली, दिवाळीआधी ती गेली. पथ्याने गेली असं मी म्हणत नाही, गाठ मोठीच होती. पण उपाशी गेली, हे मी कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

आखाजीला गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, त्या रीतीप्रमाणे पुढच्या वर्षी तिच्या नावाची घागर भरली. भावाने स्वतःच्या हाताने घागरीवर पोळी ठेवली, शेजारी रसाची वाटी मांडली. मग आत जाऊन डबा आणला आणि रसात चमचाभर साखर घातली.

"मायले गोड लागे," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.